आप्पांनी गुंडाळलेला पिकअप

आप्पा, म्हणजे माझे सासरे, इथल्या उन्हाळ्यात, डिसेंबरपासून तीन महिने ऑकलंडला येणार असं ठरलं, तेव्हा मी सगळ्यात आधी गॅरेजमधल्या अँपवर, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या खोक्यावर, जुनी चादर टाकली. मग गिटार तिच्या पिशवीत घालून कपाटाच्या मागे उभी केली. नवरा दारात उभा राहून बघत होता.

"लपवतेयस?" त्याने विचारलं.

"आवरतेय," मी म्हटलं.

तो हसला आणि निघून गेला. त्याच्या मते मी स्वतःच आप्पांना सांगायला हवं होतं. पण काय सांगणार होते? की तुमची सून दिवसभर हॉस्पिटलच्या फार्मसीत गोळ्या मोजते आणि रविवारी दुपारी गॅरेजचं दार लावून भिंती हादरतील असं संगीत वाजवते? लग्नाला सहा वर्षं झाली होती. इचलकरंजीत त्यांच्यासमोर मी कधी मोठ्याने हसलेसुद्धा नव्हते.

गिटारचं वेड पुण्यातलं. फार्मसी कॉलेजात आम्ही चौघी मुलींनी गॅदरिंगसाठी उसन्या वाद्यांवर एक बँड केला होता. दोन गाणी वाजवली, मागच्या रांगेतल्या मुलांनी शिट्ट्या मारल्या, आणि तिसऱ्या गाण्याला प्राचार्यांनी वीज घालवली. पुढे लग्न, मग न्यूझीलंड, मग इथल्या नोंदणीच्या परीक्षा. गिटार मागेच राहिली. ती परत भेटली अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात. मेथी आणि टोमॅटो घ्यायला गेले होते, आणि भाज्यांच्या रांगेपलीकडे एका माणसाने चादरीवर जुनं सामान मांडलं होतं. तव्यांच्या आणि बाहुल्यांच्या मधोमध एक काळी इलेक्ट्रिक गिटार पडली होती, एक कोपरा उडालेली. मेथीची जुडी काखेत धरून मी ती उचलली आणि खाली ठेवू शकले नाही.

दोन साथीदार हॉस्पिटलातच मिळाले. ड्रम वाजवणारी डायलिसिसची नर्स होती. मूळची सामोआची, हाताने भक्कम आणि मनाने त्याहून भक्कम. बेस गिटार वाजवणारा एक्स-रे विभागात टेक्निशियन होता. उंच आणि शांत. प्रत्येक गोष्टीला "स्वीट ॲज" म्हणायचा, म्हणजे झकास. मोठा अँप त्यानेच कुठूनसा आणून दिला. त्या अँपचं वैशिष्ट्य असं की तो आवाज नुसता वाढवत नसे, तो दळून, फाडून, दाट करून बाहेर टाकत असे. एक तार छेडली तरी गॅरेजमधले रंगाचे डबे थरथरायचे. मला तेच हवं होतं.

अडचण एकच होती. मी वाजवायचं थांबले की अँप थांबायचा नाही. घूंऽऽ असा एक जाड आवाज चालूच राहायचा. माउंट रॉस्किलमधलं आमचं भाड्याचं घर लाकडी आणि जुनं होतं, वायरिंगही तितकंच जुनं. अँप जे काही आत येईल ते शंभरपट करून बाहेर काढणारा, त्यामुळे तो ही घरघरही शंभरपट करायचा. दोन कडव्यांच्या मधल्या शांततेत तर असं वाटायचं की शेजारच्या आवारात कुणी गवत कापायचं मशीन चालू करून विसरून गेलंय.

"पिकअप बदल," बेसवाला म्हणाला. "ॲक्टिव्ह घाल. आवाज गप्प होईल."

पिकअप म्हणजे गिटारच्या तारांखाली बसवलेली ती चपटी पेटी. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार हलली की या वेढ्यांत इवलासा करंट तयार होतो, तोच केबलमधून अँपपर्यंत जातो. साधा, म्हणजे पॅसिव्ह पिकअप एवढंच करतो. ॲक्टिव्हमध्ये वेढे कमी, पण पिकअपमध्येच एक छोटं सर्किट बसवलेलं असतं आणि ते चालवायला गिटारच्या पोटात नऊ व्होल्टचा सेल. घरघर जवळजवळ नाहीशी होते, आवाज कडक आणि स्वच्छ येतो. जड संगीत, म्हणजे हेवी मेटल, वाजवणाऱ्यांत तेव्हा यावरून दोन तट पडलेले असायचे. माझा कुठलाच तट नव्हता. मला फक्त ते गवताचं मशीन बंद करायचं होतं.

अवोन्डेलला एका घरामागच्या शेडमध्ये गिटार दुरुस्त करणारे एक माओरी गृहस्थ होते. सत्तरीच्या आसपासचे, रुंद खांद्यांचे, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. आम्ही घरात त्यांना शेडवाले काका म्हणायचो. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि दोन गिटार माझ्यासमोर ठेवल्या, एक ॲक्टिव्हवाली, एक पॅसिव्ह. दोन्ही वाजवून मी अर्धा तास घालवला आणि जास्तच गोंधळले. ॲक्टिव्हवर प्रत्येक ठोका कात्रीने कापल्यासारखा नीट यायचा. पॅसिव्हवर कडा जरा विस्कटलेल्या, पण बोटं हलकी ठेवली तर आवाजही हलका व्हायचा.

"कुठला चांगला?" मी विचारलं.

"तुझी गिटार घेऊन ये, आधी ती बघू," ते म्हणाले. "लोक येतात आणि नवीन काय घालू विचारतात. जुन्याला काय झालंय ते कुणी विचारत नाही."

मी गिटार घेऊन जाणार, तेवढ्यात आप्पांचं तिकीट आलं आणि सगळ्यावर चादर पडली.

आप्पांचं इचलकरंजीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. यंत्रमागांच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, करपलेली तांब्याची तार काढायची, नवीन गुंडाळायची, वार्निश लावून भाजायची. चाळीस वर्षं हेच काम. मागांच्या खडखडाटात उभं राहून राहून डावा कान जवळजवळ गेलेला. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि त्यानंतर ते पहिल्यांदाच घर सोडून कुठे आले होते. पहिल्या आठवड्यात ते फारसं बोलले नाहीत. सकाळी कोपऱ्यावरच्या डेअरीत जाऊन दूध आणि न वाचता येणारा पेपर घेऊन यायचे. "दूध विकतात म्हणून डेअरी म्हणायचं, ते ठीक आहे. पण आत पतंग, बूटपॉलिश आणि आइस्क्रीम पण?" एवढंच काय ते त्यांचं मत. संध्याकाळी ओट्यावर बसून समोरचा डोंगर बघत राहायचे. आमच्याकडे त्यांना काहीच करायला नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात माझी सुट्टी होती. दुपारी आप्पा फिरायला गेले. नेहमी तासभर तरी जायचे. माझी बोटं पंधरा दिवस शिवशिवत होती. मी चादर काढली, गिटार लावली, आवाज शक्य तेवढा कमी ठेवला आणि वाजवायला लागले. कमी म्हणजे तरी काय, तो अँप कमी कसा राहणार? पाच-दहा मिनिटं झाली असतील. थांबले, घाम पुसला, आणि वळून बघते तर गॅरेजच्या बाजूच्या दारात आप्पा.

गिटार गळ्यात तशीच. अँप घूंऽऽ करतोय.

आप्पा आत आले. माझ्याकडे त्यांनी बघितलंच नाही. उजवा कान अँपकडे करून उभे राहिले.

"हे काय गं घुमतंय?"

"आप्पा, मी बंद करते..."

"बंद नको करूस. राहू दे." त्यांनी हात वर करून मला थांबवलं. मग वर बघितलं, भिंतीपाशी गेले आणि ट्यूबलाइटचं बटण बंद केलं. घरघर निम्म्याने उतरली. "हं," ते म्हणाले. "आता तू जरा अशी फीर. नाही, तिकडं. हळू."

मी गिटार गळ्यात घेऊन गॅरेजच्या मधोमध गोल फिरायला लागले. एका दिशेला आवाज वाढायचा, एका दिशेला जवळपास जायचा. आप्पा मान हलवत होते. इथे आल्यापासून त्यांचा चेहरा असा जागा झालेला मी पाहिला नव्हता.

"आत कॉइल आहे का कसली?"

मी पिकअप दाखवला. काय असतो ते सांगितलं. त्यांनी चष्मा वर केला आणि तो जवळून पाहिला.

"म्हणजे चुंबकावर गुंडाळलेली तार. एवढंच?"

"एवढंच."

"मग चाळीस वर्षं आम्ही दुसरं काय केलं?" ते म्हणाले. "स्क्रू ड्रायव्हर आण की."

गिटार जेवणाच्या टेबलावर आडवी झाली. आप्पांनी नवऱ्याचा मल्टिमीटर मागून घेतला. माझा पिकअप दोन कॉइलचा होता. अशा पिकअपमध्ये दोन कॉइल शेजारी शेजारी उलट्या जोडलेल्या असतात, त्यामुळे बाहेरची घरघर एकीतून येते तशीच दुसरीतून उलटी येते आणि दोन्ही मिळून नाहीशी होते. हे मी वाचलं होतं. आप्पांनी न वाचता, तारा बघून सांगितलं. मग मीटरची टोकं एका कॉइलला लावली, आकडा आला. दुसरीला लावली, काहीच नाही.

"ही मेलीय," ते म्हणाले. "तार तुटलीय आत. आणि हे बघ, कुणीतरी शहाण्याने वरून तारेचा तुकडा टाकून तिला बाजूला काढलीय, म्हणजे एकटीवर वाजत राहावी. मोटारीला असं केलं असतं तर गिऱ्हाइकानं दुकानात येऊन मारलं असतं."

संध्याकाळी नवरा कामावरून आला तेव्हा आम्ही दोघं टेबलावर वाकून बसलो होतो आणि स्वयंपाक झालेला नव्हता. त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि कुकर लावला.

शनिवारी मी आप्पांना घेऊन शेडवाल्या काकांकडे गेले. मला वाटलं होतं, दिवसभर दुभाषाचं काम करावं लागणार. काका म्हणाले, "किया ओरा." आप्पा म्हणाले, "नमस्कार." आणि त्यानंतर माझी गरजच उरली नाही. आप्पांच्या धंद्यातले सगळे शब्द मुळात इंग्रजीच होते. कॉइल, गेज, टर्न्स, शॉर्ट, अर्थिंग. "टर्न्स किती?" आप्पांनी विचारलं, आणि काकांनी पाटीवर पाच हजार लिहून दाखवले. "गेज?" काकांनी तारेचं रीळ पुढे केलं. आप्पांनी तारेचं टोक चिमटीत धरलं आणि ते त्यांना दिसेचना. त्यांच्या मोटारींची तार याच्यापुढे दोरखंड होती. ते खिडकीपाशी गेले, उजेडात धरली, आणि त्यांच्या तोंडून निघालं, "आयला, हे तर कोळ्याचं जाळं."

काकांकडे शिवणयंत्राच्या मोटारीवर बनवलेलं एक गुंडाळायचं मशीन होतं. ते स्वतः गुंडाळायला बसणार होते. आप्पांनी मला खुणेने विचारलं. मी काकांना विचारलं, "यांनी केलं तर चालेल?" काकांनी उठून खुर्ची दिली.

बॉबिन फिरायला लागलं. आप्पा उजव्या हाताच्या दोन बोटांतून तार सोडत होते, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. शेडमध्ये मोटारीची भुणभुण सोडली तर काही आवाज नव्हता. काउंटर दोन हजारांच्या पुढे गेला आणि तार तुटली. आप्पांनी बोटांकडे बघितलं. मशीन थांबवलं, उठले, आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.

मी मागोमाग गेले. "आप्पा, होतं असं. काकांचीही तुटते."

"माझी नाही तुटायची," ते म्हणाले. "हात जड झालाय. दुकान कामाच्या पोरांवर सोडलं आणि हात जड झाला." मग म्हणाले, "ती होती तेव्हा म्हणायची, दुकानात जाऊन बसा नुसते. गेलो नाही मी. कशाला जायचं, वाटायचं."

सासूबाईंबद्दल ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होते. मी शेजारी बसले. काका तीन कप चहा घेऊन आले, कुणालाही साखर न विचारता तिन्हींत घातलेली. आप्पांनी तो संपवला, रुमालाने बोटं कोरडी केली आणि परत आत गेले. या वेळी त्यांनी काकांना मशीनचा वेग कमी करायला लावला. पाच हजार वेढे पूर्ण व्हायला बराच वेळ लागला. शेवटचा वेढा झाल्यावर दोघं म्हातारे एकाच वेळी मीटरकडे वाकले. आकडा आला होता.

निघताना काकांनी ॲक्टिव्हवाली गिटारही माझ्या हातात दिली. "आठवडाभर ठेव. दोन्ही वाजव. मग ठरव."

रुग्णालयातल्या आमच्या लोकांची उन्हाळ्याची पार्टी होती, एका जुन्या कम्युनिटी हॉलमध्ये, शनिवारी दुपारी. आम्हाला तीन गाणी वाजवायची होती. त्याआधीच्या रविवारी दोघं साथीदार गॅरेजमध्ये आले. आप्पा प्लास्टिकच्या खुर्चीवर, पायात नव्या जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी स्लिपर, उजवा कान अँपच्या बाजूला. ड्रमवालीने त्यांना पाहून वाकून हात जोडले आणि मला कुजबुजत विचारलं, "यांना त्रास नाही ना होणार?" मी म्हटलं, "हे मागांच्या गावचे आहेत. यांना हा आवाज म्हणजे दुपारची झोप."

आधी आप्पांची कॉइल. घरघर जवळजवळ गेली होती. पूर्ण नाही, पण गवताचं मशीन आता दोन घरं सोडून होतं. मग काकांची ॲक्टिव्ह. वाजवायचं थांबले, आणि शांतता. नुसती शांतता. जड ठोके असे नीट, एकामागोमाग एक, की बेसवाला डोळे मिटून हसला.

"हीच," तो म्हणाला. "स्वीट ॲज."

खरं सांगायचं तर मलाही तीच आवडली होती. त्या कडकपणाने माझी साधीसुधी बोटंसुद्धा तरबेज वाटत होती. पण आप्पा समोर बसले होते आणि मला ते बोलवेना. मी उगाच केबल नीट करत राहिले.

आप्पांच्या लक्षात आलं. "ही दुसरी चांगली वाजती," ते मराठीत म्हणाले. "स्वच्छ आहे. नव्या मागासारखी. मी गुंडाळली म्हणून ती घेऊ नकोस हं. तुला हॉलमध्ये चार लोकांपुढं वाजवायचंय. चालेल तीच घ्यायची."

"तुम्हाला कुठली बरी वाटली?"

"मला गाण्यातलं काय कळतंय?" ते म्हणाले. "एक दिसलं. या सेलवालीवर तू हळू वाजवलंस काय आणि जोरात वाजवलंस काय, मला सारखंच ऐकू आलं. कदाचित माझ्या कानाचा दोष असेल."

त्यांच्या कानाचा दोष नव्हता. आमचं तिसरं गाणं हळू सुरू व्हायचं, एकटी गिटार, नुसत्या बोटांनी, मग ड्रम येऊन सगळं कोसळायचं. ती सुरुवात मी दोन्ही गिटारींवर परत वाजवली. पॅसिव्हवर आवाजाचं बटण थोडं मागे घेतलं, बोटं हलकी ठेवली, तर त्या राक्षसी अँपमधूनही आवाज पितळी घंटीसारखा मोकळा आला. ॲक्टिव्हवर तो सुरेख होता, पण हलका होईना. ड्रमवाली म्हणाली, "जुनीवर वाजवतेस तेव्हा मी माझ्या जागी उशिरा येते. ऐकत बसते म्हणून."

मग मी जुनीच ठेवली. बेसवाल्याने खांदे उडवले. पुढची दोन वर्षं तो मला अधूनमधून सांगत राहिला की मी चूक केली, आणि पहिल्या दोन गाण्यांपुरतं त्याचं बरोबर होतं.

हॉलमध्ये मुलं पळत होती, टेबलांवर सॉसेजेस आणि आम्ही नेलेली पावभाजी होती. मी स्टेजवर उभी राहिले आणि अँपने परत सूर धरला. हॉलचं वायरिंग आमच्या घरापेक्षा जुनं होतं. घाबरून समोर पाहिलं, तर दुसऱ्या रांगेत आप्पा उभे राहिले होते आणि हाताने मला खूण करत होते, जसा ट्रक मागे घेताना क्लीनर करतो तशी. डावीकडं. अजून. थोडी मागं. बास. मी फिरले, घरघर उतरली, आणि लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला मुलंसुद्धा क्षणभर थांबली होती, असं नवरा म्हणतो. मला आठवत नाही. मी बोटांकडे बघत होते.

मार्चमध्ये आप्पा परत गेले. त्याआधी जवळजवळ रोज ते बसने अवोन्डेलला काकांकडे जाऊन बसत. शेवटी शेवटी तेच दारातून आधी "किया ओरा" म्हणायचे, जरा कोल्हापुरी हेल काढून. आम्ही नंतर शहराच्या दुसऱ्या टोकाला, अल्बनीला नव्या घरात राहायला गेलो. ड्रमवाली ऑस्ट्रेलियाला गेली, आम्हाला मुलगी झाली, रविवार भरून गेले. अँप बेसवाल्याला परत दिला. त्या गॅरेजमधल्या दुपारी इतक्या सहज संपल्या की शेवटची कुठली होती हेही सांगता यायचं नाही.

दोन वर्षांनी मुलीला दाखवायला आम्ही इचलकरंजीला गेलो. आप्पा घरी नव्हते, दुकानात होते. मी मुलीला कडेवर घेऊन तिथे गेले. दारात मोटारींचा ढीग तसाच, वार्निशचा वास तसाच. आत बाकावर लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा एक माणूस बसला होता, चमकीचा शर्ट घातलेला, मांडीवर आडवी गिटार. तिचे दोन्ही पिकअप काढून आप्पांच्या टेबलावर ठेवले होते. शेजारी जुन्या शिवणयंत्राच्या मोटारीवर बनवलेलं मशीन. कामगाराने मला सांगितलं, कोल्हापूर, सांगलीहूनसुद्धा लोक गिटारी घेऊन येतात आता.

आप्पांनी मला पाहिलं, नातीला पाहिलं, पण बोटांत तार होती, म्हणून उठले नाहीत.

"आलीस? बस," ते म्हणाले. "हजारभर वेढे राहिलेत फक्त." आणि त्या ऑर्केस्ट्रावाल्याला म्हणाले, "तोवर हिला विचार तुला काय विचारायचंय ते. मला वाजवता येत नाही. हिला येतं."